ओसरीवरचं ताट

काकूंनी माझं ताट उचललं तेव्हा मी पहिला घास मोडला होता. मेथीची भाजी होती. ताट गेलं आणि भाकरीचा तुकडा तेवढा बोटांत राहिला.

"तो पण टाक," काकू म्हणाल्या.

मला कळलंच नाही. मी विचारलं, "कुठं?"

"बाहेर. गटारीत."

पंगतीला वीसेक मुली होत्या. सगळ्या माझ्याच कॉलेजच्या. सगळ्यांचे हात थांबले. मी उठले. खानावळीच्या पायरीला लागून उघडं गटार वाहत होतं. तुकडा त्यात टाकला. वळले तर काकू दारात उभ्या. हातात परात. परातीत मळलेलं पीठ, अर्धं उरलेलं.

"आत्ता ह्याला तुझा हात लागला होता की नाही?"

लागला होता. दहा मिनिटांपूर्वी मी त्यांच्या चुलीपुढं बसून भाकरी थापत होते. रोजच बसायचे.

"रोज आत यायचीस. चुलीपाशी बसायचीस. पाण्याच्या पिंपात तांब्या घालायचीस. सांगायचं नाही होय?"

"तुम्ही विचारलं नाही काकू."

"विचारायचं कशाला? तुमच्या लोकांनी आपणहून सांगायचं असतं."

त्यांनी पिठाचा गोळा गटारीच्या कडेला उपडा केला. एक कुत्रं लगेच आलं. परात माझ्या पायापाशी ठेवली आणि म्हणाल्या, "घास." मी खाली बसले. गल्लीतल्या धुळीनं, राखेनं परात घासली. त्या वरून पाणी ओतत होत्या. अंग चोरून, लांबून, थेंब उडू नये असं. परात स्वच्छ झाली तरी त्या म्हणाल्या, "आणखी एकदा." मी आणखी एकदा घासली.

आणि मग मी जे बोलले ते आजही माझ्या कानात आहे. त्यांचं बोलणं नाही. माझं.

मी म्हणाले, "चुकलं काकू."

आतून जेवणाचा आवाज परत सुरू झाला. वाट्या सरकल्या, कुणीतरी ताक मागितलं. एक मुलगी हसली. ती मला हसली नसेल. दुसरंच काही असेल. पण ते हसणं मी घरी घेऊन गेले.

ही गोष्ट नव्वद सालानंतरची. मी एकोणीस वर्षांची होते, बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला. आमचं गाव घोडनदीच्या काठाला, इनामगावच्या अलीकडं. गावाच्या खालच्या अंगाला आमची बौद्धवस्ती, पस्तीसेक घरं. वडील दुसऱ्याच्या बागायतीवर सालानं होते. आई खुरपायला, कांदा काढायला जायची. तरुणपणी आई इनामगावच्या पांढरीवर, जुन्या वस्तीच्या टेकाडावर, उत्खननाच्या कामालाही होती, मातीच्या पाट्या वाहायला. तिथं जमिनीतून जुनी घरं निघाली, रांजण निघाले, चुली निघाल्या. आई सांगायची, "साहेबलोक त्या चुलीपाशी गुडघ्यावर बसायचे गं, ब्रशानं माती झाडायचे. आमाला म्हणायचे, हळू, पाय लावू नका." कामावर असताना पाणी मात्र गावातल्या बायका तिला वरूनच वाढायच्या. हेही ती त्याच सुरात सांगायची, जसं ऊन होतं, धूळ होती, तसं.

सकाळी सहाच्या एसटीनं मी शिरूरला यायचे. आमच्याकडची म्हातारी माणसं शिरूरला अजून घोडनदीच म्हणतात. कॉलेज दुपारपर्यंत. मग भूगोलाचं प्रॅक्टिकल किंवा लायब्ररी. परतीची गाडी चारला. मधल्या वेळात जेवायचं कुठं, हा त्या गावात मोठा प्रश्न होता, आणि ज्याच्या-त्याच्या जागा ठरलेल्या होत्या. मुलं स्टँडसमोर मिसळ खायला जायची. पैसेवाल्यांची मुलं मोटारसायकली घेऊन हायवेच्या ढाब्यावर. प्राध्यापक कॅन्टीनच्या आतल्या खोलीत. भेळेच्या गाडीवर मुली उभ्या राहिल्या तर लोक नावं ठेवायचे. मुलींसाठी एकच जागा चांगली, असं सगळे म्हणायचे. काकूंची घरगुती खानावळ.

पहिलं वर्षभर मी तिथं गेले नाही. मी स्टँडच्या मागच्या बाकावर बसून डबा खायचे. भाकरी, लाल चटणी, कधी सुकट. सुकटीचा वास येतो म्हणून डबा अर्धाच उघडायचे. हात आत घालून तुकडा काढायचा आणि झाकण लावायचं. मांजरासारखं.

सुरेखानं मला तिथून उठवलं. सुरेखा माझ्या वर्गातली. शेवंतीचा मळा असलेल्या घरची, मोकळी, मोठ्यानं बोलणारी. म्हणाली, "एकटी काय बसतीस भिकाऱ्यासारखी? चल काकूंकडं. सगळ्या असतात." तिनं माझा हात धरला. हात धरून कुणी वर्गातल्या मुलीनं मला कुठं नेलं, असं तोवर झालं नव्हतं. घरी येऊन मी खानावळीच्या पैशांसाठी आईच्या मागं लागले. आईनं त्या वर्षी दोन जास्तीच्या मळ्यांवर खुरपण धरलं.

खानावळ म्हणजे काकूंचं राहतं घर. पुढं ओसरी, मग लांबोळकी खोली, मागं चूल. काकू विधवा होत्या. पन्नाशीच्या. वरच्या जातीच्या. रांजणगावला नुकते कारखाने यायला लागले होते, तिकडच्या परप्रांतीय पोरांना त्या डबेही द्यायच्या. स्वभावानं वाईट होत्या असं मी म्हणणार नाही. उलट फार प्रेमळ. कुणाचं डोकं दुखलं तर बाम लावायच्या. परीक्षेच्या दिवसांत मुलींना दही-साखर द्यायच्या. मला तर त्यांनी पोटाशीच धरलं. एकदा त्यांची भाकरी करणारी बाई आली नाही, मी मदतीला गेले. माझी भाकरी तव्यावर टम्म फुगली. काकू म्हणाल्या, "हाताला वळण आहे गं तुझ्या. कुणी शिकवलं?" मी म्हणाले, "आईनं." "आई गुणाची असणार," काकू म्हणाल्या. त्या दिवसापासून मी चुलीपाशी.

आमचं आडनाव तीन-चार जातींत सापडतं. काकूंनी आडनाव ऐकलं, गाव ऐकलं आणि मनाशी काय ते ठरवलं. मला कळत होतं. त्या बोलताना "आपल्यात" म्हणायच्या. "आपल्यात असं करत नाहीत." "आपल्यात लग्नं लवकर होतात." मी मान हलवायचे. मी खोटं बोलले नाही, असं मी स्वतःला बजावत होते. पण मान हलवणं हे खोटंच असतं. चार महिने मी मान हलवत जेवले.

मग मामा आला.

मामा दौंडला रेल्वेत होता. गँगमनचा मुकादम झाला होता. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. कुणाच्या तरी लग्नाला शिरूरला आला आणि माझ्यासाठी इंग्रजी-मराठी शब्दकोश घेऊन आला. कॉलेजात विचारत विचारत खानावळीपर्यंत पोहोचला. मी आत भाकरी थापत होते. त्याचा आवाज ऐकला आणि माझे हात पिठातच थांबले. मामा सगळ्यांना एकच नमस्कार करतो. स्टेशनमास्तरला, भाजीवालीला, तिकीट तपासनिसाला.

"जय भीम ताई. आमची भाची हाय का हितं?"

मी ओढणीला हात पुसत बाहेर गेले. मामाच्या हातातून शब्दकोश जवळजवळ हिसकावून घेतला. "बरं मामा, तास आहे मला," असं म्हणून त्याला पायरीवरूनच लावून दिलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. तो लांबून आला होता. कपाळावर घाम होता त्याच्या. जाताना म्हणाला, "चांगली शिक. लागलं तर दौंडला ये."

तो वळला तेव्हा मला त्याचा राग आला होता. काकूंचा नाही. मामाचा. ह्याला काय गरज होती मोठ्यानं बोलायची?

मी आत येऊन पंगतीला बसले. चूपचाप. कदाचित काकूंनी ऐकलं नसेल. ताट वाढलेलं होतं. मी घास मोडला.

पुढचं सांगितलंच.

नंतरचे आठ-दहा दिवस मी दुपारी काही खाल्लं नाही. आईला वाटत होतं मी खानावळीत जेवते. डबा मागितला तर ती कारण विचारणार. मी लायब्ररीत बसायचे, पुस्तक उघडं ठेवून. भूक लागली की नळाला जायचे. संध्याकाळी घरी आले की आई विचारायची, "काय व्हतं आज?" मी सांगायचे, मटकी. मी सांगायचे, वांगं. भाज्या मी रोज बदलून सांगायचे.

सुरेखा एक दिवस लायब्ररीत आली. माझ्याशेजारी बसली. टेबलावर बोटानं रेघा ओढत राहिली.

"काकूंनी निरोप दिलाय," ती म्हणाली. "त्यांनाही वाईट वाटतंय गं. म्हणाल्या, पोरीला उपाशी ठेवून मला पाप लागेल. तू ये. फक्त पुढं ओसरीवर बस. ताट तुझं तू आण. मी पण बसते तुझ्यासोबत बाहेर. चालेल ना?"

मी काय म्हणाले असेन? इथं मी थुंकले, इथं मी उठले, असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी "चालेल" म्हणाले. एवढंच नाही, मला बरं वाटलं. काकूंनी आठवण काढली, सुरेखा सोबत बसते म्हणाली, याचं बरं वाटलं. माणसाला किती खाली नेता येतं, ते मला त्या दिवशी कळायला हवं होतं. कळलं नाही.

मी घरून जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, ताट आणलं. ओसरीवर, चपला काढतात त्या कोपऱ्याशेजारी जागा होती. तिथं बसायचे. काकू डाव वर धरून आमटी सोडायच्या. थोडी ताटात पडायची, थोडी माझ्या हातावर. भाकरी टाकायच्या, वाढायच्या नाहीत. टाकताना म्हणायच्या मात्र, "पोटभर जेव बाळ." ते 'बाळ' खरं होतं. तेच मला अजून सोसत नाही. त्या माझा दुस्वास करत नव्हत्या. कुत्र्याचा कोण दुस्वास करतं?

सुरेखा दोन दिवस बाहेर बसली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "इथं धूळ फार येते गं." आत गेली. मी तिला "जा" म्हणाले. हसून म्हणाले.

दोन आठवडे मी तशी जेवले. येणाऱ्या-जाणाऱ्या मुली माझ्या ताटावरून पाय टाकायच्या. मुद्दाम नाही. वाटच तिथून होती. एकदा डबा न्यायला कारखान्यातला एक पोरगा आला, उत्तर भारतातला. मला बघून थांबला. म्हणाला, "दीदी, अंदर जगह नहीं है क्या?"

दार उघडं होतं. आत अर्धी खोली रिकामी होती. त्यालाही दिसत होती.

मी म्हणाले, "नहीं है."

आई आली ती अशीच, न सांगता. विळ्यानं तिच्या अंगठ्याला खोल चिरलं होतं, सरकारी दवाखान्यात टाके घालायला गावातल्या एका बाईबरोबर शिरूरला आली होती. टाके झाले, तिला वाटलं लेकीला भेटावं. लेक जेवते ती जागा बघावी. कॉलेजच्या फाटकावर तिनं विचारलं. कुणीतरी खानावळ दाखवली.

मी मान खाली घालून जेवत होते. समोर दोन पाय थांबले. चिखलानं फुटलेल्या टाचा. मी ओळखले.

आई माझ्यासमोर खाली बसली, गल्लीतच, पायरीच्या खाली. बँडेजचा हात मांडीवर. तिनं ताट बघितलं. शेजारच्या चपला बघितल्या. उघड्या दारातून आत बघितलं.

"हितंच बसतीस व्हय?"

"आत जागा नव्हती."

"मोकळं दिसतंय की गं."

तेवढ्यात काकू आमटीचं भांडं घेऊन बाहेर आल्या. आईला बघून थबकल्या. आईच्या लुगड्याकडं बघितलं. मग नेहमीसारखा डाव वर धरला आणि आमटी सोडली. आईच्या डोळ्यांदेखत. हातावर गरम शिंतोडे उडाले, मी हात मागं घेतला नाही. सवय झाली होती. काकू आत गेल्या.

आईनं पदरानं माझा हात पुसला. फार वेळ पुसत राहिली. मग हळू आवाजात बोलली. रागावली नव्हती.

"म्या खाल्लंया असं. वरनं टाकल्यालं. मला अक्षर येत न्हवतं. दुसरं काय असतंय ते ठावंच न्हवतं. तुला तर समदं वाचता येतंय." थांबली. "मग हे कसं वाचता आलं न्हाई तुला?"

मी ताट तिथंच ठेवलं. उठले. उंबरा ओलांडला. पंगतीत सुरेखाच्या शेजारी एक पाट मोकळा होता. त्यावर बसले.

"काकू, वाढा."

मुलींचे हात परत थांबले. अगदी त्या दिवसासारखे. काकू चुलीकडून आल्या.

"उठ."

"वाढा काकू. बाकीच्यांचं घेता तेवढंच माझं घेता. वाढा."

"ओसरीवर बसवलं हे चुकलं माझं. तुमची जात अशीच. बोट दिलं की हात धरणार." मग त्यांनी आमच्या जातीचं जुनं नाव घेतलं. शिवी देतात तसं. दारातल्या आईकडं बघून घेतलं. "हिनंच शिकवलं असणार. उठ म्हणते ना!"

"मी उठणार नाही."

माझाच आवाज मला अनोळखी वाटला. मोठा नव्हता. पण त्यात "चुकलं" नव्हतं.

काकूंनी वाढणं बंद केलं. म्हणाल्या, "ही उठेपर्यंत कुणालाच मिळणार नाही. बघा मग." पहिल्यांदा कोपऱ्यातल्या दोघी उठल्या. मग तिघी. एक उष्ट्या हातानं तशीच, माझ्याकडं न बघता. मी सुरेखाकडं बघितलं. ती ताटातल्या भाताचे ढीग करत होती. मग तीही उठली. जाताना माझ्या खांद्याला तिची ओढणी घासून गेली. ती नुसतं म्हणाली, "कशाला गं हे सगळं?"

खोली रिकामी झाली. उष्ट्या ताटांच्या दोन रांगा आणि मी. काकूंनी पंखा बंद केला. स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं.

मग आई आत आली. तिनं त्या घराचा उंबरा ओलांडला तेव्हा क्षणभर अडखळली. आयुष्यभराची सवय पायात असते. मग माझ्याशेजारच्या पाटावर बसली. समोर काही वाढलेलं नव्हतं. उष्ट्यांवर माश्या बसायला लागल्या. बाहेर लोक जमले, आत डोकावून गेले. चारची गाडी गेली असणार. आम्ही बसलो होतो. मला भूक नव्हती, मला रडू येत नव्हतं. मला फक्त बसायचं होतं.

आई शेवटी म्हणाली, "आता कुठं जायाचं?"

"पोलीस ठाण्यात," मी म्हणाले.

अर्ज मी हातानं लिहिला. दोन पानं. घास मोडल्यापासून पंखा बंद होईपर्यंत. कायद्याचं नाव मला माहीत होतं, लायब्ररीतल्या उपाशी दुपारांनी तेवढं दिलं होतं. साहेबांनी वाचला. आईला खुर्ची दिली. तक्रार नोंदवून घेतली. "साक्षीदार?" त्यांनी विचारलं. मी वीस नावं सांगितली. पहिलं नाव सुरेखाचं.

त्यानंतर आमच्या घरावर वाईट दिवस आले. वडील ज्यांच्याकडं सालानं होते त्यांनी सांगितलं, उद्यापासून येऊ नको. आईला कांद्याला कुणी बोलवेना. गावातले एक आप्पा, वयानं मोठे, सगळे ज्यांचं ऐकतात असे, आमच्या दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. म्हणाले, "पोरी, तुझं शिक्षान व्हायचंय. म्हातारी बाई हाय, चुकली आसंल. चार लोकांत दोन शब्द चांगलं बोलंल. तू अर्जाव सही कर, मिटलं म्हून. तुझ्या बापाचं काम परत चालू करून देतो."

वडिलांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत सही होती.

"आप्पा, त्या चुकल्या असतील तर कोर्टात म्हणू द्या," मी म्हणाले.

ते गेल्यावर वडिलांनी आईला मारलं. पहिल्यांदाच. "तूच चढीवलं पोरीला," म्हणत मारलं. मग स्वतःच भिंतीला टेकून बसले आणि हुंदके देत राहिले. मी हे लपवणार नाही. अन्याय वरून येतो तेव्हा तो आपल्या घरातही हात उगारतो. आईनं टाक्यांचा हात छातीशी धरला आणि मला म्हणाली, "सही करू नगंस."

मी केली नाही.

शिरूरचं कॉलेज माझ्यासाठी संपलं. मला कुणी काढलं नाही. पण मी वर्गात गेले की बाकडं मोकळं व्हायचं. मामानं मला दौंडला नेलं. पुढची वर्षं मी तिथल्या रेल्वे लाइनीतल्या दीड खोलीत अभ्यास केला, रात्रभर गाड्यांचे आवाज ऐकत. पहिल्या दिवशी मी मामाला सांगितलं की त्या दिवशी मला तुझी लाज वाटली होती. तो शर्टाला इस्त्री करत होता. इस्त्री तशीच फिरवत राहिला. म्हणाला, "मला कळलं व्हतं तवाच." बस्स. यावर आम्ही परत कधी बोललो नाही.

केस उभी राहायला काही वर्षं गेली. वीसपैकी बहुतेक मुली लग्नं होऊन लांब गेल्या होत्या. तिघी आल्या. दोघींनी सांगितलं, त्या दिवशी आम्ही गैरहजर होतो. सुरेखा आली ती नवऱ्याबरोबर, कडेवर मूल. साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.

"मला नीट आठवत नाही," ती म्हणाली. "ती स्वतःहूनच बाहेर बसायची."

समोरच्या वकिलानं मला विचारलं, "ओसरीवर तुम्हाला कुणी हात धरून बसवलं होतं?"

"नाही."

"तुम्ही आपल्या पायांनी जाऊन बसत होतात?"

"होय."

"ताट कुणाचं?"

"माझं."

"तेव्हा तुमची काही तक्रार नव्हती?"

मी बोलायला लागले की का नव्हती, कशी नव्हती. तो म्हणाला, "हो की नाही, तेवढं सांगा."

"नव्हती," मी म्हणाले.

काकू सुटल्या. कोर्टाच्या व्हरांड्यात त्या माझ्याजवळ आल्या. थकल्या होत्या, पाठीत वाकल्या होत्या. म्हणाल्या, "झालं ते झालं. आता तरी विसर बाळ." माझ्या डोक्यावर हात ठेवायला त्यांनी हात उचललासुद्धा. आता चालत होतं त्यांना. मी मागं सरकले. तो हात हवेतच राहिला.

मला लोक विचारतात, मग काय मिळालं? खानावळ चालूच राहिली. पुढच्या वर्षीच्या मुली तिथंच जेवल्या. काकूंच्या हाताला चव होती, हे शिरूरात कुणीही सांगेल. वडिलांना ते काम परत मिळालं नाही. आईचा अंगठा वाकडा राहिला. मिळालं काहीच नाही. मी सांगते हे मुद्दाम. लढलं की जिंकतोच असं सांगणाऱ्यांनी आमची फार फसवणूक केली आहे.

मी आता दौंडच्या एका ऑफिसात कारकून आहे. गेल्या महिन्यातली गोष्ट. आमच्याकडं झाडलोट करणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांनी चुकून साहेबलोकांच्या ट्रेमधला कप घेतला. एका जुन्या कर्मचाऱ्यानं तो त्यांच्या हातातून काढून खिडकीबाहेर फेकला आणि वर जातीवरून बोलला. आम्ही सात जण तिथं होतो. मावशींना लिहिता येत नाही. दुपारी त्या माझ्या टेबलापाशी आल्या. नुसत्या उभ्या राहिल्या. मी कोरा कागद घेतला. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं, एक शब्द न बदलता. त्यांचा अंगठा घेतला. मग तो कागद साक्षीच्या सहीसाठी बाकीच्या सहाही टेबलांवर फिरवला. एकाला काम होतं. एकीला ऐकूच आलं नव्हतं. एक जण म्हणाला, "ताई, मावशी साध्या आहेत हो, उगाच त्यांना कोर्टकचेरीत ओढू नका."

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. चांगले गृहस्थ आहेत. माझ्यासाठी चहा मागवला.

"तुमची बढती या यादीत आहे," ते म्हणाले. "हे बघा, साक्षीदार कुणीच नाही. तुम्ही एकट्या पडाल."

"मी आहे की साक्षीदार," मी म्हणाले.

"वर्षानुवर्षं चालतं हे. शेवटी माणसं फिरतात."

"फिरतात साहेब. मी बघितलंय."

मी त्यांच्याच टेबलावरचं पेन घेतलं. कागदाच्या खाली माझं पूर्ण नाव लिहिलं. नावापुढं बौद्ध लिहिलं, कुणी विचारलं नव्हतं तरी. तारीख घातली. सही केली.

"मी फिरणार नाही," म्हणाले, आणि कागद आवक नोंदवहीत नोंदवायला बाहेर पडले.